आधी विचारते, मग धरते

मल्लेशम चिलवेरींच्या शेडमध्ये
माझं पहिलं काम शेंगा आणायचं.
खायला नव्हे. पकडायला.

दोन वर्षं ते एकच पक्कड घडवत होते,
अक्कलकोट रोडला, पत्र्याखाली,
जिथे मे महिन्यात पान्याला हात लावायचा तर
आधी फडकं शोधावं लागतं.
सूत म्हणजे धागा, आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग,
ते दोन्ही सुतांत वाढलेले.
उजव्या हाताची दोन बोटं मागाने नेली होती,
त्याबद्दल ते बोलत नसत.
बोलायचे जबड्यांबद्दल:

"बाकीच्या पक्कडी कशा?
स्क्रू फिरव, मोठी झाली, लहान कर,
परत फिरव, तोवर बीम घसरून पायावर.
हिला जाडी तू नाही सांगायची बे.
ही स्वतः विचारते."

आणि खरंच, मूठ आवळली की
खालचा जबडा मोकळा सरकत यायचा,
दारात चपला काढून आलेल्या पाहुण्यासारखा,
वस्तूला नुसता टेकायचा.
टेकल्यावरच आतली पाचर दात्यांत बसायची,
आणि मग जोर.
स्क्रू एकच, मागच्या टोकाला. तो जोराचा. जाडीचा नव्हे.
किती मोठं आहे आणि किती आवळायचं
हे दोन वेगळे प्रश्न आहेत
हे कळायला मला चार महिने लागले,
आणि दीड किलो शेंगा.

ज्या दिवशी टरफल तडकलं नाही,
आणि त्याच मुठीत, काही न फिरवता,
दहा सुताचा रॉड जागचा हलला नाही,
त्या दिवशी ते मला घेऊन घरी गेले.
बालमणीकाकू ओट्यावर,
मांडीवर सूप, बाजूला ओल्या फडक्यात तेंदूची पानं.
शेंग पाहिली, रॉड पाहिला.
"इदि कोत्तदा?"
यात नवीन ते काय?
पान कधी रुंद, कधी चिंचोळं,
तंबाखूची चिमूट कधी दोन कण जास्त,
सैल वळली तर कारखान्यात छाट,
घट्ट वळली तर ओढली जात नाही.
"रोज आठशे वळते. माझा स्क्रू कुठाय?"
मल्लेशम हसले नाहीत.
वही काढून काहीतरी लिहून घेतलं,
तेलुगूत. मला वाचता आलं नाही.

पुण्याहून एकजण आला, पाहून खूश झाला,
म्हणाला, हिच्या तीन साइझ काढा,
लहान, मध्यम, मोठी.
त्याला चहा पाजला.

दिवाळीनंतर काकूंना धाप लागू लागली.
सिव्हिलमध्ये खाट मिळाली, स्टँड मिळाला नाही,
सलाईनची बाटली हातात धरून मी उभा,
सिस्टर म्हणाली, बघते कुठे रिकामा आहे का.
मल्लेशमनी पँटच्या खिशातून ती काढली.
खिडकीचा गज चौकोनी, वर रंगाचे पाच थर,
असला गज तिने कधी पाहिलाही नव्हता.
सरकली. टेकली. बसली.
तारेचा आकडा अडकवला, त्यावर बाटली,
आणि थेंब सुरू झाले.

मग स्टुलावर बसून त्यांनी काकूंचं मनगट धरलं.
वर्षात किती उतरलं होतं ते.
तीन बोटं आधी नुसती टेकली,
बराच वेळ.

नवव्या दिवशी काकूंना घरी सोडलं.
तेव्हा पक्कडीला दुसरीच बाटली होती,
शेजारच्या खाटेवरल्या आजोबांची,
नाव आम्हाला ठाऊक नव्हतं.
मी विचारलं, काढायची का?
काकू जिना उतरू लागल्या होत्या, कठड्याला धरून.
"काढून कुठं ठेवतोस बे," ते म्हणाले,
"चल. शेंगा संपल्यात."